काळी हायलक्स दारात आणायच्या आधी

परवा रात्री अकराला मेव्हण्याचा फोन. "दाजी, शोरूमवाला म्हणतोय शेवटच्या दोनच राहिल्यात, उद्या सकाळपर्यंत टोकन टाकलं तर एक माझी, टाकू का?" गाडी कुठली तर टोयोटाची हायलक्स पिकअप, तीही ब्लॅक एडिशन. या माणसानं आजवर चालवलीय ती स्विफ्ट आणि सासऱ्यांचा ट्रॅक्टर, त्यातला ट्रॅक्टर बांधावर घातलेला. म्हटलं थांब, सकाळी बोलू, आणि सकाळी बोलायला बसलो तर दोन तास गेले. तेच सगळं इथे लिहून काढतोय कारण विचारणारा तो एकटा नाहीये, गेल्या काही महिन्यात चार जणांनी हेच विचारलं. माझ्याकडे साधी ऑटोमॅटिक हायलक्स आहे, काळी नाही, कराडात राहतो, पाटणच्या वर थोडी शेती आहे, त्यामुळे गाडी चिखलातही जाते आणि डी-मार्टच्या पार्किंगलाही. दुसरी जागा जास्त अवघड आहे हे आधीच सांगतो.

पायरी १ : नक्की काय विकत घेताय ते समजून घ्या

हायलक्स हे नाव हाय आणि लक्झरी जोडून केलेलं, गाडी १९६८ पासून जगात आहे, आपल्याकडे मात्र आली २०२२ ला. जानेवारीत दाखवली, मार्चअखेर किंमत सांगितली, ३३.९९ लाखापासून, आणि अर्ध्या महाराष्ट्राचं तोंड उघडं राहिलं की पिकअपला एवढे? जोडणी कर्नाटकात बिडदीला होते. खालची फ्रेम ज्या घराण्यातली आहे त्याच घराण्यात फॉर्च्युनर आणि क्रिस्टा येतात. इंजिन २.८ लिटरचं डिझेल, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० एनएम टॉर्क आणि मॅन्युअलला ४२०. हे सगळं मुद्दाम सांगतोय कारण ब्लॅक एडिशनमध्ये यातलं काहीही बदललेलं नाही.

ब्लॅक एडिशन जानेवारी २०२५ ला दिल्लीच्या एक्स्पोत दाखवली आणि मार्चमध्ये विकायला काढली, फक्त ऑटोमॅटिक आणि फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकं ओढू शकतात), किंमत ३७.९० लाख एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-इन्शुरन्स सोडून. तेव्हा वरच्या साध्या ऑटोमॅटिकची किंमतही तेवढीच होती. फरक काय तर ग्रिल काळी, १८ इंची अलॉय काळे, आरशांवर, दाराच्या हँडलवर, फेंडरवर, डिझेलच्या झाकणावर जिथे क्रोम किंवा दुसरं काही होतं तिथे काळं. म्हणजे इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, मागचे पाटे (स्प्रिंग) तेच, चिखलात अडकायची आणि निघायची ताकद तीच. सेल्समन "स्पेशल ट्यूनिंग" वगैरे बोलला तर त्याला चहा पाजा आणि लेखी मागा.

मला स्वतःला काळी दिसायला आवडते, खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडची लाल माती आणि काळा रंग यांचं जमत नाही. पांढऱ्या गाडीवर धूळ चार दिवसांनी दिसते, काळ्यावर घरातून निघून चौकात जाईपर्यंत दिसते, आणि कोरड्या फडक्यानं पुसली की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे. गाडी धुवायला घरात पाण्याचा पाइप आणि हातात वेळ नसेल तर इथेच विचार करा.

पायरी २ : "लिमिटेड" म्हणजे किती, ते आकड्यात विचारा

खरंच लिमिटेड म्हणजे काय असतं त्याचं उदाहरण देतो. टोयोटाच्याच लँड क्रूझरला ७० वर्ष झाली म्हणून २०२१ ला ऑस्ट्रेलियात ७० सिरीजची एक खास आवृत्ती काढली, जुन्या पद्धतीची ग्रिल, त्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव, आत व्ही-एट डिझेल, आणि गाड्या किती तर पूर्ण देशाला मिळून ६००, बहुतेक पिकअपच. आकडा आधीच जाहीर. याला म्हणतात लिमिटेड. आपल्याकडे बऱ्याचदा लिमिटेडचा अर्थ "आमच्या गोडाऊनला सध्या दोन आहेत" एवढाच निघतो. त्यामुळे शोरूमला सरळ विचारा, साहेब एकूण किती बनणार आहेत, कंपनीच्या कागदावर कुठे लिहिलंय? उत्तर "मर्यादित साठा" असं आलं तर तो साठा आहे, आवृत्ती नाही, आणि साठा महिनाअखेरीला स्वस्त होतो.

दुसरी गोष्ट जरा डोकं लावून बघा. स्पेशल एडिशन बहुतेक वेळा कधी येतात? गाडी जुनी झाली की. आपल्याकडची हायलक्स ही आठवी पिढी, जगात २०१५ ला आलेली, मधे २०२० ला तोंड बदललं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नववी पिढी बाहेर दाखवलीही. याचा अर्थ जुनी वाईट असा अजिबात नाही, उलट दहा वर्षांत सगळ्या खोड्या निघून गेलेल्या असतात, मेकॅनिकच्या हाताला सवय असते, पार्ट मिळतात. पण "पुढे कलेक्टरची वस्तू होईल" या हिशोबानं घेणार असाल तर नको. रिसेलला समोरचा माणूस आधी किलोमीटर विचारतो, मग सर्व्हिस रेकॉर्ड, मग टायर, काळ्या हँडलचे वेगळे पैसे मी तरी कुणाला मिळालेले बघितले नाहीत.

पायरी ३ : टेप घ्या आणि खाली पार्किंगमध्ये जा

हे टेस्ट ड्राइव्हच्या आधी करा, नंतर नाही, कारण टेस्ट ड्राइव्हनंतर माणसाची अक्कल गेलेली असते.

गाडीची लांबी ५३२५ मिमी, म्हणजे सव्वापाच मीटरच्या वर. रुंदी १८५५, उंची १८१५. सोसायटीत पार्किंगला पिवळे पट्टे मारलेले असतात ते साधारण पाच मीटरचे, म्हणजे एक फूट गाडी रस्त्यावर, आणि मागे टो हुक लावलात तर अजून थोडी. बिल्डिंगखाली दोन खांबांच्या मधे जागा असेल तर फक्त लांबी मोजून भागत नाही, वळून आत यायला पुढे किती जागा आहे तेही मोजा, कारण टर्निंग रेडियस ६.४ मीटर आहे, एका दमात वळत नाही, पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागतं आणि तोवर मागे तिघं हॉर्न मारतात. लिफ्टवालं पार्किंग असेल तर त्याच्या पाटीवर लांबी आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा, दोन टनाच्या वरची गाडी आहे ही.

खडूनं जमिनीवर गाडीचा आकार आखून बघा, हसू नका, मेव्हण्याकडून हेच करून घेतलं. आखल्यावर त्याची बायको बाहेर आली, म्हणाली माझी स्कूटी कुठे लावायची. त्यावर अजून चर्चा चालू आहे.

पायरी ४ : पैशाचा हिशोब, एक्स-शोरूमवर नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी अधिक सेस जाऊन सरळ ४० टक्के झाला तेव्हा वरच्या हायलक्सची किंमत अडीच लाखाच्या आसपास उतरली, म्हणजे ३७.९० ची ३५ च्या घरात आली. जुने व्हिडिओ बघून जुने आकडे डोक्यात ठेवून जाऊ नका, त्या दिवशीची किंमत छापील घ्या.

आता त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. व्यक्तीच्या नावावर डिझेल गाडी आणि किंमत २० लाखाच्या वर, १५ टक्के. ३५ लाखावर सव्वापाच लाख होतात, एका झटक्यात. कंपनीच्या नावावर घेणार असाल तर दर आणखी वर जातो, सीएला विचारल्याशिवाय "फर्मच्या नावावर टाकू, डेप्रिसिएशन मिळेल" असं ठरवू नका. शिवाय दहा लाखावरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच शोरूमनं घेतलेला आगाऊ इन्कम टॅक्स, हे ३५ हजार गेले असं समजून लोक विसरतात, ते रिटर्न भरताना टॅक्समधून वळते होतात, शोरूमकडून सर्टिफिकेट मागून घ्या. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टी तीन वर्षांची सक्तीची. सगळं धरून ४२-४३ लाखाची तयारी ठेवा.

एवढा आकडा ऐकून छातीत कळ आली असेल तर इसुझूची व्ही-क्रॉस बघा, ती आंध्रात श्रीसिटीला बनते, १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस, ३६० एनएम. ताकद कमी पण पैसे बरेच लाख कमी, शेतावर आणि अधूनमधून ट्रेकला जाणाऱ्याला ती पुरते असं माझं मत आहे, ज्याचं त्याचं. फक्त त्यांच्याकडे एस-कॅब नावाची धंद्याची गाडीही असते, दोन्हीत गल्लत करू नका.

पायरी ५ : पांढरी पाटी, आणि कागदावर काय लिहिलंय ते

पिकअप म्हटली की आपल्याकडे प्रत्येकाच्या डोळ्यासमोर भाजीचा टेम्पो येतो. आरटीओत एजंटच्याही येतो, टोलनाक्यावरच्या पोराच्याही येतो. हायलक्स खासगी म्हणून पांढऱ्या पाटीवर नोंदते, साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, परमिटची भानगड नाही. पण नोंदणीचा फॉर्म भरताना वर्ग कुठला टाकलाय तो स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आरसी हातात आल्यावर पहिलं काम तेच, आणि व्हेरियंटचं नाव, इंजिन नंबर, चेसिस नंबर जुळतात का तेही तेव्हाच.

फास्टॅगचं मात्र खरंच लक्ष ठेवा. खासगी गाडीला क्लास ४ चा टॅग लागतो. माझ्या वेळी टॅग देणाऱ्या बँकेनं पिकअप शब्द वाचला आणि हलक्या मालवाहू गाडीचा टॅग चिकटवला, मला कळलं ते दोन महिन्यांनी, पुण्याला जाताना टोल जरा जास्तच कापला जातोय असं वाटलं तेव्हा. मग आरसीची कॉपी पाठवा, तक्रार नंबर घ्या, जुना टॅग बंद करा, नवा लावा. तुम्ही टॅग चिकटवायच्या आधीच त्यावरचा क्लास बघा, पाच मिनिटाचं काम आहे.

पायरी ६ : टेस्ट ड्राइव्ह घ्या पण हायवेवर नको

शोरूमवाले तुम्हाला मस्त चार पदरी रस्त्यावर नेणार, तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. तुम्ही म्हणा मला खड्ड्यात न्यायचंय. कारण मागे पाटे आहेत, लीफ स्प्रिंग, ते वजन उचलायला बनवलेत, मागचा हौदा रिकामा असला की गाडी मागून टणाटणा उडते. मागच्या सीटवर स्वतः बसा, दहा मिनिटं तरी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. माझी आई पहिल्या दिवशी गाडीजवळ उभी राहिली, वर बघितलं, म्हणाली "शिडी कुठाय?" फूटबोर्डवर पाय, वरच्या हँडलला हात, मग आत, हे सगळ्या गुडघ्यांना जमत नाही. मागच्या सीटची पाठ फॉर्च्युनरपेक्षा सरळ वाटते, कोकणात जाऊन यायला ठीक, रोज नाही.

स्टेअरिंग हळू वेगात जड लागतं का, रिव्हर्स घेताना मागचं टोक कुठे संपतं त्याचा अंदाज येतो का, घाटात उतरताना ब्रेकवर पाय ठेवल्यावर कसं वाटतं, हे बघा. एसी आणि स्क्रीन घरी आल्यावरही बघता येतात.

पायरी ७ : ताब्यात घेण्याआधीची तपासणी

पीडीआय म्हणजे गाडी तुमच्या नावावर व्हायच्या आधी उजेडात नीट बघणं. नोंदणी झाल्यावर बघून काही उपयोग नाही. फॉर्म २१ म्हणजे सेल सर्टिफिकेट, त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, स्पेशल एडिशनच्या बाबतीत हे जास्त बघायचं कारण उठाव नसलेली गाडी यार्डात पडून राहिलेली असू शकते. वर्षभर उन्हापावसात उभी गाडी म्हणजे टायर, बॅटरी, वायपर सगळंच वर्षानं म्हातारं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाचही टायरचे वाचा, पाचवा गाडीखाली टांगलेला असतो, वाकून बघा.

ब्लॅक एडिशनसाठी वेगळं एक काम. कुठले कुठले काळे पार्ट एडिशनमध्ये येतात त्याची छापील यादी मागा आणि गाडीवर एकेक मोजा. त्यातलं काय कंपनीतून लागून आलंय आणि काय शोरूमच्या मागच्या शेडमध्ये डबल टेपनं चिकटवलंय हे विचारा. चिकटवलेलं वाईट असतं असं नाही पण त्याची वॉरंटी वेगळी असते, गाडीची ३ वर्ष किंवा १ लाख किलोमीटर ही त्या पट्टीला लागू होईलच असं नाही. एका कडेची पट्टी तुटली तर तो पार्ट नंबरसकट सुटा मिळतो का हेही आताच विचारून ठेवा. फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, कॅटलॉगसारखे.

इन्शुरन्स करताना पॉलिसीत व्हेरियंटचं बरोबर नाव पाहिजे, आणि बाहेरून टाकलेल्या वस्तू, म्हणजे हौद्याचं कव्हर, रोल बार, कॅनोपी, त्या किमतीसकट लिहून घ्यायच्या. नाहीतर अपघात झाला की सर्व्हेअर शांतपणे म्हणतो हे पॉलिसीत नाहीये. झिरो डेप (क्लेमच्या वेळी पार्टच्या जुनेपणाचे पैसे कापत नाहीत ती पॉलिसी) घ्याच, या गाडीला बाहेरून प्लास्टिक भरपूर आहे.

पायरी ८ : काय लावू नये

काळी गाडी घेतली की पुढचा मोह काळ्या काचा. सुप्रीम कोर्टानं २०१२ ला काचांवरच्या फिल्म बंद केल्यात, नियमात पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. काळी पिकअप, काळ्या काचा, एवढं बघून नाक्यावरचा हवालदार शंभर गाड्यांतून तुम्हालाच बाजूला घेणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

दुसरा मोह पुढे लोखंडी बुलबार. डिसेंबर २०१७ ला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलंय की हे बेकायदा आहे, कारवाई करा. कायदा सोडा, एअरबॅगचे सेन्सर पुढे असतात, त्यांच्या हिशोबात तुमच्या वेल्डरनं लावलेला पाइप नसतो. पादचाऱ्याला तर तो हातोड्यासारखा लागतो. टपावर डोळे दिपवणारी लाइटची पट्टी लावून घाटात समोरच्याला आंधळं करणाऱ्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही, भाषा बिघडेल.

जे लावा ते सांगतो. हौद्याला आतून रबरी किंवा प्लास्टिकचं अस्तर, नाहीतर पहिल्याच खताच्या पोत्याबरोबर फावडं घासून रंग जातो. वरून बंद होणारं कव्हर, कारण सह्याद्रीत जून ते सप्टेंबर उघड्या हौद्यात बॅगा ठेवणं म्हणजे त्या नदीत टाकणं. कव्हर येईपर्यंत मी ताडपत्री आणि दोरी वापरायचो, काम होतं, पण महाबळेश्वरला माकडांनी दहा मिनिटात गाठ सोडून केळी नेली, वर बसून साली माझ्याच बोनेटवर टाकल्या. आणि हौद्यात माणसं बसवायची नाहीत. लग्नाची वरात असो, गणपती असो, पोरं कितीही मागे लागू देत.

पायरी ९ : तो गोल नॉब

आता खरा विषय. डॅशबोर्डवर एक गोल नॉब असतो, त्यावर एच-२, एच-४, एल-४. तीस टक्के मालक तो आयुष्यात फिरवत नाहीत (हा आकडा माझा, मनातला), आणि काही जण नको तिथे फिरवतात, ते जास्त वाईट.

एच-२ म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात. डांबरावर कायम हेच, पाऊस असला तरी.

एच-४ म्हणजे चारही चाकं. हे फक्त सुट्या पृष्ठभागावर, म्हणजे चिखल, वाळू, ओलं गवत, मुरूम. कारण सांगतो, पाठ करण्यापेक्षा समजून घ्या. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नाही, एच-४ ला दोन्ही एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक मिटवतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ आतल्या दांड्यांवर आणि गिअरवर येतो, वळताना गाडी अडखळते, टायर चिर्र करतात. असं चालवत राहिलात तर बिल मोठं येतं. एच-२ मधून एच-४ ला चालत्या गाडीत जाता येतं, पण किती वेगापर्यंत ते मॅन्युअलमध्ये बघा आणि चाक घसरायला लागल्यावर नाही, चिखल दिसल्यावर फिरवा.

एल-४ ला गाडी पूर्ण थांबवायची, ब्रेकवर पाय, गिअर न्यूट्रल, मग नॉब. दिवा लुकलुकतो, स्थिर होईपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. एल-४ वेगासाठी नाही, मुंगीच्या चालीनं खडा चढ चढायला आणि मुख्य म्हणजे उतरायला. आमच्या शेताकडची वाट शेवटचे तीनशे मीटर अशी आहे की पावसाळ्यात बैलसुद्धा विचार करतो, तिथे एल-४ ला टाकलं की ब्रेकला जवळजवळ हात... म्हणजे पाय लावावा लागत नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

शिवाय मागच्या डिफरन्शियलचं लॉक आहे, वेगळं बटण. मागचं एक चाक हवेत लटकलं की इंजिनची ताकद त्या रिकाम्या चाकाकडे पळते, लॉक दाबलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि जमिनीवरचं चाक गाडी बाहेर काढतं. निघालात की लगेच बंद. लॉक लावून वळायचा प्रयत्न करू नका, गाडी सरळच जाते, मी एकदा बांधाच्या दिशेनं गेलोय.

हे सगळं पहिल्यांदा करायला ओळखीचं रिकामं शेत बघा, दिवसाउजेडी, एक जण बाहेर उभा, मोबाईल खिशात.

पायरी १० : पाणी

कंपनी ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता सांगते. हा आकडा साचलेल्या पाण्यासाठी धरा. ७०० मिमी म्हणजे माझ्या मांडीपर्यंत. वाहत्या पाण्यात हिशोब वेगळा, दोन फूट जोराचं पाणी बहुतेक गाड्या उचलून बाजूला नेतं, तुमची ३५ लाखाची असो नाहीतर तीन लाखाची. कोयनेच्या बाजूला फरशी पुलावरून पाणी जात असेल तर मी थांबतो, गाडीत चहाचा थर्मास असतो, दोन तासात पाणी उतरतं.

साचलेलं पाणी ओलांडायचं असेल तर आधी काठी घेऊन माणूस चालत जाणार, तळ कडक आहे का, मधे खड्डा आहे का बघणार. मग एच-४ किंवा एल-४, खालचा गिअर, चालण्याच्या वेगानं, मधे थांबायचं नाही, जोरात पाणी उडवत जायचं नाही. व्हिडिओत उडणारं पाणी छान दिसतं, तेच इंजिनच्या हवेच्या नळीत गेलं की आतली कनेक्टिंग रॉड वाकते. बाहेर आल्यावर हळू ब्रेक दाबत चार पावलं चालवा, ब्रेक वाळतात. खोल पाण्यातून गेलात तर ॲक्सलचं तेल बघून घ्यायला सांगा, ते दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय.

पायरी ११ : अडकलात तर

अडकणार, सगळे अडकतात. आधी ॲक्सिलरेटर सोडा, चाकं जितकी फिरवाल तितकी गाडी पोटावर बसते. चाकांपुढची माती फावड्यानं काढा, टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करा, टायर पसरतो आणि पकड वाढते. बऱ्याचदा एवढ्यावर निघते. म्हणून गाडीत छोटा कॉम्प्रेसर पाहिजे, कारण डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायचीच, कमी हवेत वेगानं वळलात तर टायर रिममधून निसटतो. मूळ टायर २६५/६० आर १८, ते डांबरी रस्त्याच्या हिशोबाचे आहेत, झिजले की त्याच मापात ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) घ्या, लगेच बदलायची गरज नाही.

ट्रॅक्टर बोलावला तर दोर कुठे बांधतायत ते स्वतः बघा. गाडीला दिलेल्या टो हुकलाच. मागे ट्रेलर ओढायचा जो गोळा असतो त्याला कधीही नाही, ताण येऊन तो तुटला की गोळीसारखा उडतो, माणसं मेली आहेत यात. दोरावर मधोमध एक जाड गोधडी टाका आणि बघ्यांना लांब पाठवा. आपल्याकडे गाडी अडकली की पाच मिनिटात वीस जण जमतात, आणि सगळे दोराजवळच उभे राहतात.

समुद्राच्या वाळूवर गाडी घालू नका. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी नेणं गुन्हाच आहे, आणि कोकणात दर सुट्टीला कुणाची तरी गाडी भरतीत बुडालेली बातमीत दिसते. गाडी बुडाली की आधी फोर बाय फोरचंच नाव खराब होतं.

घरी आल्यावर

चिखल वाळायच्या आत खालून धुवा, पाटे, चाकाच्या आतली बाजू, फ्रेमच्या खाचा. वरचा काळा रंग नंतर, भरपूर पाण्यानं माती सुटल्यावरच हात लावायचा. बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, रोज दोन-तीन किलोमीटरवर शाळा-बाजार एवढंच फिरवलं तर तो तुंबतो, आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या. ८० लिटरची टाकी आहे, पहिल्यांदा फुल करताना पंपावरचा आकडा बघू नका.

मेव्हण्यानं अजून टोकन टाकलेलं नाही. शोरूमच्या त्या शेवटच्या दोन गाड्या आज सकाळपर्यंत दोनच होत्या.